बर्फाच्या राज्यातून कॉलेजच्या संघात: हिवाळ्यातलं रिक्रूटिंग कसं सांभाळायचं

2018 च्या एप्रिलात 14 तारखेला आमच्या लेकाची शाळेची टेनिस मॅच होती. आदल्या दिवशी जो बर्फ सुरू झाला तो 16 तारखेपर्यंत पडत राहिला. अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटा राज्यात, ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिॲपोलिस आणि सेंट पॉलमध्ये, पंधरा इंचांच्या वर साचला. पुण्याहून आईचा फोन आला, "इकडे आंब्याच्या पेट्या आल्यात, तुमच्याकडे काय?" मी काही बोलले नाही, फोन खिडकीकडे वळवला.

लेक तेव्हा दहावीत होता. इथल्या हिशोबात दहावी म्हणजे सोफोमोर, आणि कॉलेजचे कोच ज्या काळात रिक्रूटिंगच्या, म्हणजे आपल्या संघात घ्यायच्या मुलांच्या, याद्या बनवायला घेतात नेमका तोच काळ. त्याच्या मॅचेस एकामागून एक रद्द होत होत्या, आणि तेव्हा कॅलिफोर्नियातली, फ्लोरिडातली मुलं बारा महिने उन्हात खेळून निकाल जमवत होती. तेव्हा जे कळलं नाही ते धाकट्या लेकीच्या वेळेला कळलं. बर्फाने खेळापेक्षा खेळाचा पुरावा जास्त अडतो. इनडोअर कोर्टावर मुलं खेळतातच. पण कोचपर्यंत वेळेवर पोचायला हवेत ते निकाल, व्हिडिओ आणि भेटी, आणि हे सगळं नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये अडकतं. हा लेख त्या सहा महिन्यांचा आहे. मिनेसोटा, मिशिगन, विस्कॉन्सिन, अपस्टेट न्यूयॉर्क, न्यू इंग्लंड अशा ठिकाणच्या मराठी घरांसाठी आहे, आणि शेवटचा भाग पुण्या-मुंबईहून थेट या बर्फात येणाऱ्या मुलांसाठी. आमच्या घरी टेनिस आहे, त्यामुळे टेनिसवर जास्त बोलेन. बाकी खेळांचं थोडक्यात सांगते.

पायरी पहिली: नियमांच्या तारखा भिंतीवर लावा

कोच तुमच्या मुलाशी कधी बोलू शकतो हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संघटना, ठरवते (तिथे कॉलेजं डिव्हिजन 1, 2, 3 अशा तीन गटांत असतात), आणि त्या तारखा हिवाळ्याच्या नियोजनाचा पाया आहेत. डिव्हिजन 1 मध्ये टेनिससह बहुतेक खेळांत दहावी संपल्यावरच्या 15 जूनपासून कोच मेसेज, ईमेल, फोन करू शकतो. कॉलेजची अधिकृत भेट, म्हणजे ऑफिशियल व्हिजिट, अकरावीच्या 1 ऑगस्टपासून. डिव्हिजन 2 मध्ये फोन आणि भेट दोन्ही अकरावीच्या आधीच्या 15 जूनपासून. डिव्हिजन 3 मध्ये फोन-ईमेलला तारखेचं बंधन नाही, पण ऑफिशियल व्हिजिट अकरावीच्या 1 जानेवारीपासून. ही शेवटची तारीख पुन्हा वाचा. उत्तरेकडची कितीतरी चांगली डिव्हिजन 3 कॉलेजं भेटीचं दार ऐन बर्फात उघडतात. फुटबॉल, बास्केटबॉल यांची कॅलेंडरं निराळी असतात, आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून दर ऑगस्टमध्ये आपल्या खेळाचं नवं कॅलेंडर काढून घ्या.

दोन शब्द कानावर पडतील. डेड पिरियडमध्ये कोच तुम्हाला समोरासमोर कुठेच भेटू शकत नाही, कॅम्पसवरही नाही. फोन आणि ईमेल मात्र चालतात. क्वाएट पिरियडमध्ये भेट फक्त कॅम्पसवर. वादळाने भेटीची तारीख पुढे ढकलली आणि नवी तारीख डेड पिरियडमध्ये पडली, तर पोरगं कॅम्पस पाहून येईल, कोच दिसणार नाही. तारीख बदलताना हे आधी बघा.

पैशाचं थोडक्यात: डिव्हिजन 3 आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांच्या गटात) खेळाची स्कॉलरशिप नसते, मदत घरच्या उत्पन्नावर (डिव्हिजन 3 मध्ये कित्येकदा अभ्यासावरही) मिळते. डिव्हिजन 1 मध्ये जुलै 2025 पासून नवा हिशोब आहे. नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांवर स्कॉलरशिपच्या आकड्याऐवजी संघातल्या माणसांच्या संख्येवर मर्यादा आली, आणि टेनिसला ती 10 आहे. दहा जणांत कोच जुगार खेळत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि ताजा लागतो.

पायरी दुसरी: पहिला बर्फ पडायच्या आत व्हिडिओ

आम्ही पहिल्या खेपेला इथेच चुकलो. लेकाचा व्हिडिओ जानेवारीत काढायला घेतला. इनडोअर क्लबचे पिवळट दिवे, मागे हिरवा पडदा, शेजारच्या कोर्टावरच्या आजोबांचा आरडाओरडा. चेंडू कुठे पडतोय ते आम्हालाच दिसेना, कोचला काय दिसणार?

सप्टेंबरचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा याच कामाला ठेवा. ऑक्टोबरअखेरीवर विसंबू नका. 1991 मध्ये 31 ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळाने ट्विन सिटीजवर 28 इंच बर्फ टाकला होता, आणि इथले जुने लोक आपल्या लग्नाची तारीख सांगावी तशी ती तारीख सांगतात.

कॅमेरा बेसलाइनच्या मागे, बरोबर मध्यभागी, कुंपणाला आठ-दहा फूट उंचीवर अडकवा. पूर्ण कोर्ट दिसायला हवं. कुंपणाला फोन अडकवायचा क्लॅम्प मिळतो. दोन व्हिडिओ करा. एक तीन-चार मिनिटांचा: फोरहँड, बॅकहँड, सर्व्ह, व्हॉली, आणि मग खऱ्या मॅचमधले पॉइंट. दुसरा एक अख्खा सेट, न कापता. आपल्या लोकांना वाटतं की फक्त जिंकलेले पॉइंट दाखवावेत. कोचला मात्र हेही बघायचं असतं की हरलेल्या पॉइंटनंतर मूल काय करतं. रॅकेट आपटतं, बाबांकडे बघतं, की पुढच्या सर्व्हला उभं राहतं.

मग हिवाळ्यात इनडोअर व्हिडिओ हवाच कशाला? हवा, कारण उत्तरेकडच्या कॉलेजांचा निम्मा मोसम छपराखाली जातो आणि त्यांना तुमचं मूल तिथेही बघायचं असतं. चित्रात लखलखाट दिसला तर शटरचा वेग 1/60 किंवा 1/120 ठेवून बघा. इथली वीज 60 हर्ट्झची आहे आणि दिवे त्या ठेक्यावर लुकलुकतात. भिंतीकडचं शेवटचं कोर्ट मागून घ्या, म्हणजे एका बाजूने तरी कोणी मध्ये येणार नाही. आणि प्रत्येक व्हिडिओखाली तारीख, गाव, इनडोअर की आउटडोअर, कुठल्या पृष्ठभागावर, समोरच्या खेळाडूचं रेटिंग किती, हे लिहा. छपराखाली वारा नाही, ऊन नाही, चेंडू बहुधा झपकन येतो, त्यामुळे मोठ्या सर्व्हिसचं मूल तिथे असतं त्यापेक्षा भारी दिसतं. टेक्सासच्या कोचला हे चांगलं ठाऊक असतं. आपण लपवायला जाऊ नये.

पायरी तिसरी: रेटिंग गोठू देऊ नका

टेनिसचे कोच सगळ्यात आधी यूटीआर, म्हणजे युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, बघतात. एक ते साडेसोळाच्या पट्टीवरचा हा आकडा गेल्या बारा महिन्यांतल्या जास्तीत जास्त 30 मॅचेसवरून निघतो, आणि ताज्या मॅचला जास्त वजन असतं. आता आमच्या राज्याचं बघा. मुलींचा शाळेचा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपतो, मुलांचा वसंतात. म्हणजे मुलीने ऑक्टोबरनंतर काहीच खेळलं नाही, तर मार्चमध्ये कोच जो आकडा बघतो तो पाच महिन्यांपूर्वीच्या पोरीचा असतो. या वयात पाच महिन्यांत मुलं उंच होतात, सर्व्ह बदलतो.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च महिन्याला निदान एक वीकेंड रेटिंगमध्ये धरल्या जाणाऱ्या मॅचेसचा हवा. त्यासाठी फ्लोरिडाला जायची गरज नाही. इनडोअर क्लबांत शनिवारी-रविवारी छोट्या स्पर्धा होतात, त्या पुरतात. डिसेंबरमध्ये फ्लोरिडात ऑरेंज बाउल आणि राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा असतात. मूल खरंच त्या पातळीचं असेल तर एक दौरा जरूर करा. नसेल तर पहिल्या फेरीत 6-0, 6-1 हरण्यासाठी चार जणांची विमानभाडी आणि हॉटेल, हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. आम्ही तो एकदा केला आहे. डिस्नेवर्ल्ड बघून आलो, एवढंच.

इनडोअर कोर्टाचं भाडं डोळ्यांत पाणी आणतं. पहाटेची आणि रात्री उशिराची वेळ बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडते. शाळेच्या दिवशी पहाटे साडेपाचला कोर्टावर असणाऱ्यांत आपली पोरं पुष्कळ दिसतील. तिघा-चौघा पालकांनी मिळून मोसमभराचं कोर्ट घेतलं तर आणखी परवडतं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: तुमचा क्लब पक्क्या छपराचा आहे की हवेच्या फुग्याचा, हे माहीत करून घ्या. बर्फाचं वजन फुग्याला सोसत नाही. 12 डिसेंबर 2010 ला सतरा इंच बर्फानंतर मिनिॲपोलिसच्या मेट्रोडोमचं हवेवर तोललेलं छप्पर फाटून खाली आलं, तेही एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचं, मैदान असून. मोठं वादळ येणार म्हटलं की फुग्याचे क्लब आधी बंद होतात आणि स्पर्धा रद्द होतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या महत्त्वाच्या स्पर्धा शक्यतो पक्क्या छपराखालच्या निवडा.

आणि रॅकेट गाडीत ठेवू नका. रात्रभर उणे वीसमध्ये राहिलेल्या रॅकेटच्या तारांचा ताण सकाळी तसा राहत नाही. कोर्टाचे बूट वेगळ्या पिशवीत न्या. रस्त्यावरचं मीठ आणि खडे घेऊन आत आलात तर क्लबवाले दारातच थांबवतील.

बाकी खेळांचं थोडक्यात

पोहणाऱ्यांना बर्फाचा त्रास सगळ्यात कमी. कॉलेजच्या शर्यती 25 यार्डांच्या तलावात होतात, इथला हिवाळी मोसमही यार्डातच चालतो, त्यामुळे जानेवारीतली वेळ कोचला थेट कामाची. मीट रद्द झाली तर वेळ नोंदवायची पुढची संधी कुठे आहे ते त्याच दिवशी शोधा.

ॲथलेटिक्समध्ये गुंता आहे. इनडोअरला 100 मीटर नसते, 60 असते. थाळी, भाला, हातोडा यांना छपराखाली जागाच नाही, त्यामुळे उत्तरेकडच्या थाळीफेकपटूचा पुरावा एप्रिलआधी तयार होत नाही. त्याने अकरावीच्या उन्हाळ्यातली फेक सगळ्यात वर लिहावी आणि हिवाळ्यात गोळाफेकीचा आकडा आणि व्यायामशाळेतली प्रगती पाठवत राहावं. धावणाऱ्यांनी ट्रॅक सपाट होता की वळणांवर उचललेला, आणि 200 मीटरचा होता की मोठा, हे लिहावं. उचललेल्या ट्रॅकवर वेळ चांगली लागते, कोच त्याचा हिशोब स्वतः लावतो.

गोल्फवाल्यांसाठी सिम्युलेटर सरावाला ठीक, पण त्याचे आकडे स्पर्धेच्या गुणांची जागा घेत नाहीत. बेसबॉलमध्ये कॉलेजांचेच हाल बघा: डिव्हिजन 1 चा मोसम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो आणि उत्तरेचे संघ पहिले काही आठवडे दक्षिणेत पाहुणे म्हणून खेळतात. घरच्या मैदानावर बर्फ असतो. त्यामुळे तो कोच फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या गावाकडे फिरकण्याची आशा धरू नका.

पायरी चौथी: कोचला लिहायचं कधी आणि काय

टेनिसचा कोच जानेवारी ते एप्रिल प्रत्येक शनिवार-रविवार बसमध्ये किंवा कोर्टावर असतो. गुरुवारी पाठवलेली ईमेल प्रवासाच्या गोंधळात बुडते. सोमवारी दुपारी किंवा मंगळवारी पाठवा. विषयाच्या ओळीत नाव, बारावी पूर्ण होण्याचं वर्ष, यूटीआर आणि गाव. आत पाच-सहा ओळी.

ईमेल मुलाने लिहायची. हे ठासून सांगते, कारण आपल्याकडे पोरांचा ॲडमिशनचा फॉर्मसुद्धा बाबा भरतात. कोचला बाबांची भाषा लगेच ओळखू येते. तुम्ही शुद्धलेखन तपासा आणि बाजूला व्हा.

वादळाने स्पर्धा रद्द झाली तर त्याच संध्याकाळी कळवा. आमच्या लेकीने एकदा लिहिलं त्याचा आशय असा: या वीकेंडची स्पर्धा बर्फामुळे रद्द झाली, पुढची मॅच 4 मार्चला अमुक क्लबमध्ये आहे, ऑक्टोबरमधला एक अख्खा सेट आणि परवाचा इनडोअर सेट सोबत जोडते आहे, तुमच्या संघाने शनिवारी शेवटची डबल्स फिरवली ते निकालात पाहिलं. बस. रडगाणं नाही, हवामानाची कैफियत नाही. उत्तरेच्या कोचला बर्फ काय ते तुम्ही सांगायची गरज नाही, आणि दक्षिणेच्या कोचला त्याचं काही पडलेलं नसतं. त्या शेवटच्या वाक्यावर मात्र कोचचं उत्तर आलं.

पायरी पाचवी: कॉलेज फेब्रुवारीत बघा

ऑक्टोबरमध्ये व्हरमाँट, मेन, मिशिगन इतकी सुंदर असतात की मुलं पानांच्या रंगावर भाळून कॉलेज ठरवतात. माझा आग्रह उलटा आहे. ज्या कॉलेजात चार वर्षं काढायची ते त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघा.

लेकीची अकरावीतली भेट 22 फेब्रुवारी 2023 ला ठरली होती. 21 ते 23 तीन दिवस वादळ. तो हिवाळाच तसा होता, मिनिॲपोलिसच्या विमानतळावर मोसमभरात 90 इंचांची नोंद झाली. आम्ही "पहाटे लवकर निघालो तर पोचू" म्हणत होतो, पाच तासांचा रस्ता. 20 तारखेलाच कोचबाईंचा फोन आला: गाडी काढू नका, पुढच्या आठवड्यात या. मला ओशाळल्यासारखं झालं, वाटलं आपली संधी गेली. लेकीने शांतपणे सांगितलं, "आई, जी कोच मला बर्फात गाडी काढू नको म्हणते, ती बसच्या वेळी पण तेच म्हणेल." पोरांना कधीकधी आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पुढच्या आठवड्यात गेलो. तिथे काय बघितलं ते सांगते, तुम्हीही बघा.

इनडोअर कोर्टं कॅम्पसवर आहेत की गावातल्या क्लबची भाड्याने घेतात? भाड्याची असतील तर संघाला वेळ कुठली मिळते? एका कॉलेजात कळलं की सराव रात्री साडेनऊला असतो, कारण त्याआधी क्लबचे सभासद खेळतात. कोर्टं किती आहेत? सहा असतील तर सहाही सिंगल्स एकदम सुरू होतात. तीन-चार असतील तर शनिवारची मॅच संध्याकाळपर्यंत लांबते आणि रविवारचा अभ्यास बोंबलतो. वसतिगृहापासून कोर्टापर्यंत स्वतः चालत जा, गाडीने नाही. वाऱ्यासकटचं तापमान उणे 28 सेल्सिअसच्या आसपास गेलं की उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. रात्री सराव आटोपून ओल्या केसांनी पोरगी त्या रस्त्याने परतणार आहे.

बाहेरगावच्या मॅचला बस असते की व्हॅन? व्हॅन असेल तर चालवतं कोण? छोट्या कॉलेजांत कधी कोच स्वतः चालवतात. वादळात जायचं की नाही हे कोण ठरवतं, कोच की वरचं ऑफिस? हा प्रश्न विचारायला लाजू नका. याचं उत्तर देताना जो कोच चाचरतो त्याच्याविषयी मी घरी येऊन पुन्हा विचार करेन.

कोच बाजूला असताना संघातल्या मुलींना लेकीने विचारलं, "फेब्रुवारीत कसं वाटतं?" एक ॲरिझोनाची होती. म्हणाली, पहिल्या जानेवारीत रोज रडले, दुसऱ्या वर्षी निळ्या प्रकाशाचा दिवा घेतला आणि सकाळी साडेसातचं लेक्चर मुद्दाम लावलं, म्हणजे उजेड वाया जाऊ नये. मिनिॲपोलिसमध्ये डिसेंबरच्या अखेरीला दिवस नऊ तासांहूनही छोटा असतो. सराव इनडोअर, वर्ग इनडोअर, सूर्य काचेआडून. मन काळवंडतं, आणि खेळाडूला ते कबूल करायची लाज वाटते. कॉलेजात समुपदेशनाची सोय काय, भेटीची वेळ किती दिवसांत मिळते, हेही विचारून घ्या. आपल्या वर्णाच्या मुलांचं ड जीवनसत्त्व इथे बऱ्याचदा घसरतं, डॉक्टरांकडून एकदा तपासून घेतलेलं बरं.

शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण विचारा: हा संघ चार वर्षं राहणार ना? मिनेसोटा विद्यापीठाने ऑक्टोबर 2020 मध्ये पुरुषांचं टेनिस, जिम्नॅस्टिक्स आणि इनडोअर ट्रॅक बंद करायचं ठरवलं. मोठ्या नावाचा भरवसा नको.

पायरी सहावी: वादळाच्या दिवशी

ऑफिशियल व्हिजिट असेल तर मुलाचा प्रवास कॉलेज करून देऊ शकतं आणि तिकीटही बहुधा तेच काढतात. त्यामुळे विमान रद्द होण्याची चिन्हं दिसताच आधी कोचच्या ऑफिसला फोन, मग विमान कंपनीला. डिव्हिजन 1 मध्ये एका कॉलेजला एकच ऑफिशियल व्हिजिट मिळते, म्हणून अर्धवट भेटीपेक्षा पुढची तारीख चांगली. स्वखर्चाच्या भेटीला अशी अट नाही. कोचकडून टोपी, जॅकेट असं काही भेट म्हणून घेऊ नका, नियमात बसत नाही. थंडीचे कपडे घरूनच न्या.

हिवाळ्यात सकाळचं पहिलं विमान घ्या आणि भेटीच्या आदल्या दिवशी पोचा. वादळाची घोषणा झाली की कंपन्या बऱ्याचदा ज्यादा पैसे न घेता तारीख बदलू देतात, तशी सूचना त्यांच्या साइटवर येते. शेवटच्या क्षणापर्यंत थांबलात तर सगळेच रांगेत असतात. कंपनीनेच विमान रद्द केलं आणि तुम्ही पर्यायी विमान नाकारलंत, तर तिकिटाचे पैसे परत मिळायला हवेत. व्हाउचर देऊ केलं तर गडबडीत हो म्हणू नका.

गाडीने जाणार असाल तर टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. डिकीत फावडं, घोंगडी, वाळू किंवा मांजराच्या पेटीतली माती, मेणबत्ती, पाणी, आणि आमच्या गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. निघण्यापूर्वी राज्याची 511 सेवा, म्हणजे रस्त्यांची स्थिती सांगणारी सेवा, बघा. "प्रवास करू नये" असं लिहिलेलं असेल तर वाद घालू नका. अडकलात तर गाडी सोडून चालत सुटू नका, आणि इंजिन चालू करण्याआधी मागच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नाहीतर विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो.

पायरी सातवी: मार्चमध्ये दक्षिणेकडे लक्ष

उत्तरेचे बरेच संघ स्प्रिंग ब्रेकमध्ये ओरलँडो, हिल्टन हेड अशा ठिकाणी जाऊन आठवडाभर मॅचेस खेळतात. तुमची सुट्टी तिथे असेल तर संघांची वेळापत्रकं बघून एक दुपार मॅच बघायला जा. मुलाला पातळीचा अंदाज येतो. पण मूल नववी-दहावीत असेल तर डिव्हिजन 1 चा कोच "हॅलो" म्हणून पुढे जाईल. त्याला नियमाने थांबता येत नाही. माणूस घमेंडखोर आहे असं समजून नाव यादीतून काढू नका. आम्ही काढलं होतं.

परत आलात की एप्रिल, आणि कदाचित पुन्हा बर्फ. शाळेच्या मॅचेस इनडोअर हलवतात, छोट्या करतात, पुढे ढकलतात. कोचला जो आराखडा पाठवला होता तो दर आठवड्याला दुरुस्त करून पाठवा.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांसाठी

डेक्कन जिमखान्यावर वाढलेलं मूल थेट उणे वीसमध्ये उतरतं, आणि टेनिसमध्ये जानेवारीत संघात सामील होणारी परदेशी मुलं काही कमी नाहीत. म्हणजे विमानातून उतरायचं तेच ऐन बर्फात. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी, डिव्हिजन 1 साठी सोळा मुख्य विषय आणि चारपैकी किमान 2.3 ची सरासरी, मग आय-20 (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) आणि एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा, हे सगळं वर्षभर आधी सुरू करा. प्रत्यक्ष भेट शक्य नसते, म्हणून कोचला किंवा संघातल्या एखाद्या मुलाला फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर कॅम्पस फिरवायला सांगा. वसतिगृहाच्या दारापासून कोर्टापर्यंत, न थांबता. वेबसाइटवरच्या फोटोंत कायम मे महिना असतो.

स्क्वॉशवाल्यांची गोष्ट निराळी, आणि मुंबईत ती पुष्कळांना ठाऊक आहे. कॉलेज स्क्वॉश एनसीएएत येत नाही, त्याची स्वतःची संघटना आहे. खेळ चार भिंतींतला आणि मोसम नोव्हेंबर ते मार्च, म्हणूनच तो अमेरिकेच्या थंड ईशान्येत रुजला. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने प्रशिक्षक पॉल असायंटे यांच्या हाताखाली 1998 पासून सलग 252 सामने जिंकले, येलने ती मालिका जानेवारी 2012 मध्ये तोडली, आणि त्या संघांत भारतीय मुलं होती. इथे बर्फ तुमच्या बाजूने आहे. मोसम थंडीतच असल्याने कोच जगभरच्या ज्युनिअर स्पर्धांचे निकाल बारकाईने बघतात, आणि तुम्ही मुंबईत वर्षभर खेळलेले असता. पण मोसम थंडीतच असल्याने सगळा प्रवासही थंडीतच, त्यामुळे व्हॅनचे आणि वादळाचे वरचे प्रश्न स्क्वॉशच्या कोचलाही विचारा.

कपड्यांचं: पुण्यात जाड जॅकेट विकत घेऊ नका. तिथलं जाड इथलं ऑक्टोबरचं असतं. विमानात घालायला एक बरा स्वेटर, कानटोपी आणि लोकरी मोजे आणा, बाकी इथे उतरल्यावर पहिल्याच दिवशी घ्या. सुती थर घामाने ओला झाला की अंगावर बर्फासारखा बसतो, म्हणून सरावानंतर आतला टी-शर्ट बदलूनच बाहेर पडायचं. बॅगेत एक कोरडा टी-शर्ट कायम. आणि आजीने दिलेली विणलेली शाल घेऊन या, ती मॅचच्या बसमध्ये लागते.